दंड, ठिगळ आणि टाका : गोधडी वाचण्याची एक रीत

मराठीत गोधडीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि गोधडी फार थोडी पाहिली गेली आहे. कवितेत, ललित लेखात, आठवणींच्या पुस्तकांत, शाळेतल्या निबंधांत ती बहुतेक वेळा एकाच कामासाठी येते : आईची किंवा आजीची माया सांगण्यासाठी. ‘मायेची ऊब’ हे शब्द इतके ठरून गेले आहेत, की गोधडीचे नाव निघाले की ते आपोआप मागून येतात. पण त्या गोधडीत किती थर होते, वरचे पान कोणत्या लुगड्याचे होते, टाका केवढा होता, ती शिवायला किती दुपारी लागल्या आणि शिवणारीला स्वतःला ती जमली असे वाटत होते की नाही, हे त्या लेखनात क्वचितच सापडते. एखाद्या ओवीतल्या एका शब्दासाठी आपण पानेच्या पाने खर्च करतो. चार हात लांबीच्या, हजारो टाक्यांच्या एका वस्तूसाठी मात्र एक विशेषण पुरते.

घरातल्या जुन्या कापडातून शिवलेल्या वस्तूला कला म्हणावे की कारागिरी, हा वाद मी येथे बाजूला ठेवते. माझा प्रश्न त्याहून लहान आणि अधिक व्यवहारी आहे. गोधडीची समीक्षा करता येईल का? एक गोधडी चांगली आणि दुसरी सुमार असे म्हणता येईल का? आणि म्हणायचे झाले, तर निकष कोणाचे?

हा प्रश्न अमेरिकेत पन्नास वर्षांपूर्वी उघडपणे विचारला गेला. तिथली चर्चा आपल्याला उपयोगी पडेल अशी आहे, म्हणून आधी तिच्याकडे वळते.

१९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जोनाथन होल्स्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ यांनी जमवलेल्या ‘क्विल्ट’चे, म्हणजे तिकडच्या गोधड्यांचे, प्रदर्शन भरले. पलंगावरची वस्तू भिंतीवर टांगली गेली. तिच्यातले चौकोन, पट्टे, रंगांचे ताण हे सगळे त्या काळच्या अमूर्त चित्रकलेशी जुळणारे आहे, अशी त्या प्रदर्शनाची मांडणी होती. प्रदर्शन गाजले. पण दोनच वर्षांनी, १९७३ मध्ये, पॅट्रिशिया मेनार्डी या चित्रकर्तीने ‘फेमिनिस्ट आर्ट जर्नल’मधल्या एका लेखात या मांडणीवर कडक टीका केली. तिचा मुद्दा असा होता, की या स्त्रिया नकळत सुंदर काहीतरी करून गेलेल्या अनामिक नव्हत्या. त्यांना आपण काय करतो आहोत हे ठाऊक होते, अनेकींनी आपल्या कामावर नाव आणि साल घातले होते. पुरुष चित्रकारांच्या कामाची पूर्वतयारी म्हणून त्यांच्याकडे पाहणे, म्हणजे त्यांच्याकडे न पाहणेच होय.

पुढे २००२ मध्ये अलाबामा राज्यातल्या जीज बेंड या वस्तीतील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या क्विल्टचे प्रदर्शन ह्यूस्टनमध्ये भरले आणि तेथून ते त्याच व्हिटनी संग्रहालयात आले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या समीक्षकाला ते पाहताना मातिस आणि क्ले आठवले. २००६ मध्ये या क्विल्टची चित्रे अमेरिकी टपाल तिकिटांवर आली. या वेळी नावे लपवली गेली नाहीत. प्रत्येक क्विल्टखाली शिवणारीचे नाव होते आणि ही मोठी सुधारणा होती. तरीही कौतुकाचा सूर एका चमत्काराचा होता : जगापासून तुटलेल्या एका वस्तीत आधुनिक कला आपोआप उगवली, असा.

हे तुटलेपण आपोआप आलेले नव्हते. जीज बेंड अलाबामा नदीच्या एका वळणात वसले आहे. तिथल्या लोकांनी मतदार म्हणून नाव नोंदवण्यासाठी धडपड सुरू केली, त्या सुमारास, १९६२ मध्ये, पलीकडच्या गावी जाणारी नाव बंद करण्यात आली. ती पुन्हा सुरू व्हायला २००६ साल उजाडले. दुसरीकडे, बाजार या वस्तीपर्यंत पोचलेला होता. १९६६ मध्ये त्या परिसरातल्या स्त्रियांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ नावाची सहकारी संस्था उभी केली. १९७२ मध्ये या संस्थेला सिअर्स या मोठ्या दुकानसाखळीचे कॉर्डरॉयच्या उशीआवरणांचे काम मिळाले आणि त्यातले उरलेले तुकडे घराघरांतल्या क्विल्टमध्ये शिरले. त्या काळातल्या क्विल्टमध्ये सोनेरी, हिरवट, तपकिरी कॉर्डरॉय एकदम दिसू लागते त्यामागे हे कंत्राट आहे. रंगसंगतीविषयी लिहिताना हा तपशील बाहेर ठेवला, तर समीक्षा अर्धीच राहते.

म्हणजे आपल्याकडे गोधडी न पाहता तिच्याविषयी भावना व्यक्त होते. तिकडे ती डोळे भरून पाहिली गेली, पण बराच काळ चित्र म्हणून. दोन्ही वाचनांत एक गोष्ट निसटते. हे कापड आधी कोणीतरी वापरलेले आहे आणि शिवणारीने त्या वापराचा विचार करून प्रत्येक तुकडा जागेवर ठेवला आहे.

मिझुरी पेटवे हिने १९४२ मध्ये शिवलेले क्विल्ट याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे. नवरा वारल्यावर तिने त्याचे शेतात घालायचे कपडे उसवून ते शिवले. तिच्या मुलीने, आर्लोन्झिया पेटवे हिने, ही हकिकत पुढे सांगितली. रंग थोडेच आहेत. विटलेला निळा, राखाडी, मळकट पांढरा. त्या निळ्याच्या छटा रंगाऱ्याने दिलेल्या नाहीत, उन्हाने आणि धुण्याने दिल्या आहेत. ॲनी मे यंग हिच्या १९७६ च्या क्विल्टमध्ये मधोमध तांबड्या-पिवळ्या रंगाच्या उजळ पट्ट्या आहेत आणि भोवती कामाच्या कपड्यांचे जाड निळे कापड. त्या कापडावर काही ठिकाणी गडद चौकोन दिसतात. तिथे खिसा होता. खिशाखालचे कापड उन्हापासून वाचले, म्हणून खिसा उसवल्यावर मूळ रंग वर आला. हा गडद चौकोन कुठे येऊ द्यायचा, हे शिवणारीने ठरवले. अमूर्त चित्राच्या भाषेत तो एक आकार आहे. कापडाच्या भाषेत ती एका माणसाच्या कष्टाची उलटी छाया आहे. समीक्षेला ही दुसरी भाषा यायला हवी.

ही भाषा मराठीत तयार आहे. ती समीक्षेच्या पुस्तकांत नसून शिवणाच्या पेटीभोवती आहे. ‘दंड’ हाच शब्द घ्या. नऊवारी लुगडे सगळीकडून सारखे फाटत नाही. बसण्या-उठण्याच्या ताणाचा भाग आधी विरतो आणि दोन्ही टोके बरीच धड राहतात. मग विरलेला भाग कापून काढायचा आणि उरलेली दोन टोके जोडून शिवायची. या जोडशिवणीला दंड म्हणतात. दंड घातलेले लुगडे नेसणे ही गरिबीची खूण होती. तो दंड निऱ्यांमध्ये कुठे लपेल, काठाला काठ कसा मिळेल, हे पाहणे ही कसबाची खूण होती. ठिगळ वरून लावतात, ते दिसते. दंड आतून जोडतो आणि लपू पाहतो. एका कापडाच्या दुरुस्तीसाठी ज्या भाषेने दोन वेगळे शब्द घडवले, तिने त्या कामाचे बारकावे ओळखले होते, असेच म्हणावे लागेल.

दंडानंतरही लुगड्याचा प्रवास संपत नसे. त्यातून मुलीचा परकर निघे, चोळीला अस्तर निघे, बाळंतिणीच्या घरात दुपटी आणि झबली निघत. धुऊन धुऊन मऊ झालेले सुती कापड तान्ह्या बाळाच्या अंगाला नव्यापेक्षा बरे, हा त्यामागचा हिशेब होता. मग गोधडी. गोधडीलाही न चालणाऱ्या चिंध्यांची डोईवरच्या घागरीखालची चुंबळ होई, चुलीवरचे भांडे उतरवायचे फडके होई आणि शेवटी पोतेरे. या उतरंडीच्या एका पायरीवर बोहारीण दारात उभी असे. जुन्या कपड्यांवर भांडे घ्यायचे, तर कोणते कपडे तिला द्यायचे आणि कोणते गोधडीसाठी मागे ठेवायचे, हा निर्णय घरातली बाई घेत असे. जरीचा काठ असलेली साडी गेली की पातेले मोठे मिळे. म्हणून पुष्कळ गोधड्यांत जर दिसत नाही. गोधडीत काय आहे, याइतकेच तिच्यात काय नाही, हेही वाचायचे असते.

गेली काही वर्षे मी साताऱ्याकडच्या नात्यातल्या घरांतल्या गोधड्या उलगडून पाहते आहे. त्यांपैकी एक माझ्या आत्याने शिवलेली. वरचे पान हिरव्या इरकली लुगड्याचे, खालचे पान दोन वेगवेगळ्या सुती साड्यांचे, मधोमध दंड घालून जोडलेले. आत चार थर असावेत. एका कडेला शिवण उसवली आहे, तिथून धोतराचा पांढरा तुकडा आणि शाळेच्या खाकी चड्डीचा तुकडा डोकावतो. वरच्या पानावर लुगड्याचा काठ कापून टाकलेला नाही. तो चारी बाजूंनी चौकटीसारखा फिरवला आहे. लुगड्याला काठ असतात दोनच, त्यामुळे उरलेल्या दोन बाजूंसाठी काठ उसवून, तुकडे करून, कोपऱ्यांवर वळवून घ्यावा लागला आहे. तीन कोपऱ्यांत काठ पुरला. चौथ्यात चार बोटे कमी पडला, तिथे दुसऱ्या लुगड्याचा, थोडा अधिक तांबडा काठ आहे. पण तो अचानक येत नाही. त्याच तांबड्याचे दोन छोटे चौकोन पानाच्या आतल्या भागात, विरलेल्या जागी लावलेले आहेत. त्यामुळे चौथा कोपरा उसना वाटत नाही. चुकलेले माप पुढे नेऊन त्याची रचना करायची, ही कोणत्याही कलेतली जुनी युक्ती आहे आणि येथे ती पूर्ण जाणतेपणाने वापरलेली आहे.

आत्याला मी गोधडी चांगली कशावरून म्हणायची, असे विचारले, तेव्हा तिने ती आधी उलटी केली. “वरनं कुणीबी बघंल,” ती म्हणाली, “मागनं बघ.” तिच्या मते मागचा टाका पुढच्याइतकाच सारखा हवा. आतल्या चिंध्यांना चढ-उतार असला तरी हात फिरवल्यावर तो लागू नये. कोपरे जमिनीला टेकले पाहिजेत, वर उचलता कामा नयेत. आणि शेवटचे, सर्वांत महत्त्वाचे : नदीवर आपटून धुतल्यावर आतला थर गोळा होता कामा नये.

हे शेवटचे वाक्य नीट ऐकण्यासारखे आहे. आपल्याकडे नवरात्राआधी ‘दसरा काढतात’, म्हणजे घरातले सगळे अंथरूण-पांघरूण धुऊन काढतात. भिजलेली गोधडी एकटीला उचलत नाही. दोघी दोन टोके धरून पिळतात. त्या वेळी आतल्या प्रत्येक तुकड्यावर ताण येतो. धावदोऱ्याच्या दोन ओळींमध्ये अंतर जास्त असले, तर आतली चिंधी सरकते, दुमडते, तिचा बोळा होतो आणि पुढे ती अंगाखाली टोचते. ओळी फार जवळ घेतल्या, तर गोधडी ताठ होते, अंगावर पडत नाही आणि दोराही जास्त लागतो. थर वाढवले तर ऊब वाढते, पण सुईला ते एका दमात भेदता येत नाहीत, टाका लांबतो. म्हणजे आपल्याला जी ‘नक्षी’ दिसते, ती ऊब, वजन, दोरा आणि धुणे या चार गोष्टींच्या ओढाताणीतून काढलेली तडजोड असते. छंदाच्या मात्रांशी तिची तुलना केली तर ती अलंकारिक ठरू नये. दोन्हीकडे बंधन हेच रचनेचे साधन आहे.

असे निकष असलेली ही एकटीच परंपरा नाही. उत्तर कन्नडमधल्या यल्लापूर-हळियाळ भागातल्या सिद्दी स्त्रिया, ज्यांच्यातल्या अनेकींच्या घरात कोकणी बोलली जाते, ‘कवंदी’ शिवतात. कवंदीची शिवण एका कोपऱ्यातून सुरू होते आणि कडेकडेने फिरत आत मध्यापर्यंत जाते. शेवटी कोपऱ्यांवर घड्या घातलेले छोटे त्रिकोण लावतात, त्यांना ‘फुले’ म्हणतात. फुलांवाचून कवंदी उघडी समजली जाते. वस्तू कुठे पूर्ण झाली, याची इतकी नेमकी कल्पना जिथे आहे, तिथे समीक्षा बाहेरून आणण्याची गरज नाही. ती लिहून घेण्याची गरज आहे.

आता मायेकडे परत येते, कारण ती खोटी आहे असे माझे म्हणणे नाही. मिझुरी पेटवेचे क्विल्ट प्रेमाने शिवलेले आहे, आत्याची गोधडीही. माझी अडचण एवढीच, की माया हा एकमेव अर्थ मानला की गोधडीतले सगळे कापड आपोआप ‘आपल्या माणसांचे’ होऊन जाते. वस्तुस्थिती तशी नव्हती. अनेक घरांतल्या गोधड्यांमध्ये दुसऱ्यांच्या घरचे उतरलेले कपडे होते, कामाच्या मोबदल्यात किंवा सणाला ‘दिलेले’. आणि आपल्या समाजात उतरलेल्या कापडाला जात होती. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मृतांची वस्त्रे नेसावीत, असा दंडक आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जो ग्रंथ जाळला गेला, तो हाच. आणि त्याच वेळी डॉ. आंबेडकरांनी तिथे जमलेल्या स्त्रियांना लुगडे वरच्या जातींतल्या स्त्रियांप्रमाणे नेसण्यास आणि अस्पृश्यतेची खूण ठरलेले दागिने टाकण्यास सांगितले. ग्रंथाविषयीचा आणि लुगड्याविषयीचा विचार एकाच मंडपात व्हावा, हा योगायोग नव्हे.

म्हणून चिंधी ही निरागस वस्तू नाही. एकाच रंगाच्या दोन तुकड्यांत एक स्वतःच्या घामाने विटलेला असतो, दुसरा दुसऱ्याच्या. गाडगेबाबांनी अंगावर चिंध्यांचे वस्त्र घेतले आणि लोक त्यांना गोधडे महाराज म्हणू लागले, तेव्हा त्यांनी गरिबीचे हेच चिन्ह जाणूनबुजून अंगावर घेतले होते. ज्यांना ते निवडता आले नाही, त्यांच्या गोधडीविषयी लिहिताना ‘ऊब’ हा शब्द जपून वापरावा, असे मला वाटते.

राहिला प्रश्न नावाचा. बंगालच्या कांथेत तो काही वेळा शिवणाऱ्या स्त्रियांनीच सोडवला आहे. गुरुसदय दत्त या सनदी अधिकाऱ्याने जमवलेल्या आणि आज कोलकात्याजवळ जोका येथील संग्रहालयात असलेल्या कांथांमध्ये मानदासुंदरी दासी हिची एक प्रसिद्ध कांथा आहे. ती आपण वडिलांसाठी केली, हे तिने स्वतःच्या नावासह दोऱ्याने लिहून ठेवले आहे. आपल्या गोधडीवर असा मजकूर सहसा नसतो. अक्षर येत नव्हते हे त्याचे एक कारण, आणि गोधडी जिच्या घरात आहे तिला नाव ठाऊकच असे हे दुसरे. घर मोडले, पिढी गेली, गोधडी शहरात आली की ते नाव गळते.

हे टाळता येते, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी सुरू केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पात लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या, आणि नोंद करताना गायिकेचे नाव आणि गाव लिहिले गेले. त्यामुळे आज ती ओवी ‘लोकसाहित्य’ या गोणीत न राहता एका विशिष्ट बाईची ओवी म्हणून वाचता येते. जात्यावर बसणारी आणि गोधडी शिवणारी बाई बहुधा एकच होती. तिच्या तोंडच्या शब्दांना जे मिळाले, ते तिच्या हातच्या कामाला मिळालेले नाही.

नावाला पैशाचीही बाजू आहे. जीज बेंडच्या काही स्त्रियांनी, ॲनी मे यंग त्यांपैकी एक, २००७ मध्ये त्यांची क्विल्ट जमवणाऱ्या आणि गाजवणाऱ्या मंडळींविरुद्ध न्यायालयात दावे केले. पुढच्या वर्षी ते मिटले. निकालाने काही सिद्ध झाले नसले, तरी प्रश्न उभा राहिला तो राहिलाच : वस्तूला कला म्हटले की तिची किंमत वाढते, त्या वाढीत शिवणारीचा वाटा किती? आपल्याकडेही गोधडी आता शहरातल्या दुकानांत आणि प्रदर्शनांत विकली जाते. त्यासाठी नवे सुती कापड मुद्दाम कापून ठिगळासारखे जोडतात. त्यात गैर काही नाही, बायकांना त्यातून मजुरी मिळते. पण तिथे ठिगळ ही गरज राहत नाही, अलंकार होतो, आणि ही वेगळी वस्तू आहे हे समीक्षेने सांगितले पाहिजे. तिच्या चिठ्ठीवर दुकानाचे नाव असते. शिवणारीचेही असावे, एवढी अपेक्षा जास्त नाही.

दरम्यान खरी गोधडीही बदलते आहे. घरातल्या साड्या सिंथेटिक झाल्या. ते कापड विरत नाही, घाम शोषत नाही, सुईखालून घसरते. त्याची गोधडी वजनाला हलकी, रंगाला भडक आणि लवकर वाळणारी होते. ती जुनीपेक्षा कमी दर्जाची असे मी म्हणणार नाही. वेगळ्या कापडाने वेगळे प्रश्न घातले आहेत आणि बायका त्यांची उत्तरे शोधत आहेत, टाका लहान करून, कडा यंत्रावर मारून. मात्र दंड घालणारी, सुती लुगड्याचा विरलेला आणि धड भाग बोटांनी ओळखणारी पिढी आता ऐंशीच्या पुढे आहे.

तिच्यापाशी जाऊन पाचच गोष्टी लिहून घ्याव्यात : शिवणारीचे नाव, गाव, साल किंवा प्रसंग, वरच्या आणि आतल्या कापडांचा मूळ उपयोग, आणि तिला स्वतःला या गोधडीत काय साधले वाटते. गोधडी उलटी करून मागच्या बाजूचा एक फोटो घ्यावा. वहीचे एक पान पुरेल. गोधडीवरचा पुढचा मराठी लेख त्या पानावरून सुरू व्हावा.